फळीवरचा सातवा कप

"आमचे कप तूच धूत जा हं हेमलता," मृणालिनी मॅडम काउंटरवर कोपर टेकून म्हणाल्या. आवाज इतका खाली आणला होता की मला वाटलं, साखर घालू नको म्हणून सांगतायत. "दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नकोस."

"का हो मॅडम, डाग राहिला का कशाला?"

"डाग नाही गं. ती तुमची झाडूवाली आहे ना, तिला परवा आमचे कप पुसताना पाहिलं मी."

"रत्नमाला. ती आता झाडू मारत नाही. काउंटरवर आलीय, चाचणीवर."

"येऊ दे की. मी कुठे नको म्हणतेय?" त्यांनी मागे वळून पाहिलं. त्यांच्या पाच मैत्रिणी खिडकीजवळच्या मोठ्या टेबलावर योगाच्या चटयांच्या गुंडाळ्या ठेवत होत्या. "आमच्याकडे होती ती दोन वर्षं, संडास-बाथरूमला. हात स्वच्छ, तोंड बंद, एक वस्तू इकडची तिकडे नाही. पण आमच्या घरीसुद्धा तिचा कप वेगळाच होता. तिला सगळं माहीत आहे, तुला काही सांगत बसावं लागणार नाही. तू फक्त लक्ष ठेव."

मी मान हलवली. कशाला हलवली, ते मला आजही नीट सांगता येत नाही. गिऱ्हाईक बोललं की मान हलते, तशी हलली असेल.

"आणि माझ्यात बदामाचं दूध घाल हं," त्या आता नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. "गाईचं नको. त्या बिचाऱ्यांचे फार हाल करतात गं."

ही गोष्ट सात-आठ वर्षांपूर्वीची, नाशिकच्या गंगापूर रोडवरची. दुकानाचं नाव मी लिहीत नाही. जगात कुठेही गेलात तरी चौकात दिसतं अशा कंपनीचं ते दुकान होतं. माझ्या सासूबाई त्याला 'निळं दुकान' म्हणायच्या, आपणही तेच म्हणू. मी तिथे लागले तेव्हा पंचेचाळिशीला टेकले होते. कंपनीच्या देशात कुणीतरी ओरड केली होती की ही दुकानं फक्त कोवळी पोरंपोरी ठेवतात. म्हणून कंपनीने जगभर हुकूम काढला, चाळिशीपुढच्या बायका घ्या. तो हुकूम फिरत फिरत नाशकात आला आणि बारावी पास हेमलता देवरे निळा एप्रन बांधून उभी राहिली. यंत्राबरोबर आलेली पुस्तिका शब्दकोश घेऊन मी तीनदा वाचली होती. पुढे मला शिफ्टची जबाबदारी मिळाली, ती त्या पुस्तिकेच्या जोरावर.

त्या दुकानात सगळं असंच वाऱ्यावर यायचं. तिकडे कुणी साखरेला नावं ठेवली की आमच्या बरण्या आत जायच्या. तिकडे ओटचं दूध पिऊ लागले की आमच्या फ्रिजमध्ये ओटचे डबे. मग एका वर्षी कुठल्याशा थंड देशात कॉलेजच्या मुलांनी कंपनीच्या दारात वापरलेल्या कागदी कपांचा डोंगर रचला, त्याचे फोटो जगभर फिरले, आणि आम्हाला पत्र आलं : गिऱ्हाइकाला घरून कप आणायला सांगा.

पहिले तीन आठवडे कुणी काही आणलं नाही. लोक म्हणायचे, "कप पण आम्हीच आणायचा? मग तुम्ही काय देणार, टेबल?" आमचा मॅनेजर निनाद सव्वीस वर्षांचा, पोरगा मनाने चांगला. तो रोज मुंबईच्या कचेरीला शून्य असा आकडा कळवून कळवून कोमेजला होता. मग मंगळवार-शुक्रवार योगानंतर येणाऱ्या या सहाजणींनी घरून सुंदर कप आणले. कुणाचा जयपूरचा निळा, कुणाचा सिंगापूरहून आणलेला. दर वेळी कोण वाहून आणणार, म्हणून त्या म्हणाल्या, इथेच ठेवू. निनादने सुताराला बोलावून भिंतीवर सागवानी फळी मारून घेतली, प्रत्येक कपाखाली खडूच्या पेनाने नाव लिहिलं, फोटो काढला. फोटो मुंबईला आवडला, मुंबईने परदेशी पाठवला, तिथे कंपनीच्या पत्रिकेत छापून आला. खाली लिहिलं होतं, नाशिकच्या बायकांनी पृथ्वीसाठी उचललेलं पाऊल.

आम्ही सगळे खूश होतो. मीसुद्धा.

रत्नमाला पगारे सातपूरहून यायची. तेहतीस वर्षांची, बारीक चणीची, बोलण्यात तिखट. सहा महिने तिने राखाडी एप्रन बांधून दुकानाची झाडलोट केली आणि तेवढ्या काळात पुसता पुसता अख्खं यंत्र शिकली. कोणत्या कॉफीत किती दूध, वाफ कधी बंद करायची, सगळं पाठ. एकदा फरशी पुसताना मला म्हणाली, "ताई, दूध जाळताय. वास आला." आणि खरंच जळत होतं.

"तुला गं काय कळतं?"

"हे लोक दुधाला फेस आणायला लाखांचं यंत्र लावतात. आमची आई दोन पातेल्यांत वरखाली करायची. फेस तोच."

मीच निनादला सांगून तिला परीक्षेला बसवलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे मी काय केलं तेही सांगायचं आहे. परीक्षेत तिला माझ्याहून जास्त गुण मिळाले. आता फक्त पंधरा दिवसांची चाचणी उरली होती. कंपनीचा नियम सरळ होता : पंधरा दिवस काउंटरवर उभं राहायचं, गिऱ्हाइकाची एकही तक्रार वहीत लागली नाही तर राखाडी एप्रन जाऊन निळा. तक्रार लागली तर परत झाडू, आणि पुन्हा परीक्षेला वर्षभर बसता येत नाही. तिचा पंधरावा दिवस शुक्रवारी येत होता. नेमक्या त्याच शुक्रवारी मुंबईहून मोठे साहेब आणि परदेशातल्या मुख्य कचेरीतली बाई आमची ती फळी पाहायला येणार होते. निनादने ठरवलं होतं, रत्नमालाला निळा एप्रन त्या बाईंच्या हातूनच द्यायचा.

मृणालिनी मॅडम माझ्याशी बोलल्या, तो चाचणीचा पहिलाच दिवस होता.

मी बराच विचार केला. निनादला सांगावं तर तो मॅडमना जाऊन विचारणार, मॅडम चिडणार, वहीत तक्रार लिहिणार. रत्नमालाला सांगावं तर ती मॅडमना विचारणार, मग तर बघायलाच नको. सगळ्यात सोपं काय, तर मंगळवार-शुक्रवार तिला त्यांच्या नजरेआड ठेवायचं. पंधरा दिवसांत असे चारच तर दिवस उरले होते. कामाचा तक्ता मीच लिहायचे. मी पेन घेतलं आणि तिच्या नावापुढे मंगळवारी 'मागे, माल मोजणी' लिहिलं, शुक्रवारी तेच लिहिलं. त्या दिवशी सहाही कप मी स्वतः धुतले, स्वतः पुसले, स्वतः फळीवर ठेवले. आपण कुणालाही न दुखावता केवढं निभावून नेतोय, असं मला वाटत होतं. खोटं कशाला सांगू, स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं.

दुसऱ्या मंगळवारी रत्नमाला तक्त्यासमोर उभी राहिली.

"ताई, मोजणी मंगळवार-शुक्रवारीच कशी येते हो?"

"त्या दिवशी गाडी येते ना दुधाची."

"दूध रोज येतं."

"ओटचं गं. बदामाचं."

"ते महिन्यातून एकदा येतं." तिने बोटाने माझं अक्षर हळूच पुसल्यासारखं केलं. शाई पक्की होती. "बरं. तुम्ही लिहिलंय म्हणजे असेल काही."

ती मागे गेली. आतून खोक्यांचा आवाज येत राहिला. मोजून झालेली खोकी ती परत मोजत होती.

गुरुवारी संध्याकाळी निनाद नाचतच आला. मुंबईहून नवी सूचना होती : फळीवर कामगाराचाही कप हवा. एकच फळी, एकच कुटुंब, असं त्यांनी म्हटलं होतं.

"कुणाचा ठेवायचा, सांगा काकू? रत्नमालाताईंचा. झाडूपासून काउंटरपर्यंत. यापेक्षा भारी काय असणार?"

"सर, उद्याचा दिवस राहू द्या. पाहुणे गेले की ठेवू."

"पाहुण्यांसाठीच तर ठेवायचा."

"गर्दीत फुटेल बिटेल."

"काकू, कप आहे तो. फुटला तर दुसरा."

त्याला सांगायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं. पण सांगायचं म्हणजे, गेले दोन आठवडे मी काय करतेय तेही सांगावं लागलं असतं.

शुक्रवारी सकाळी रत्नमाला घरून कप घेऊन आली. तपकिरी, जाड काठाचा, रविवारच्या बाजारात हातगाडीवर मिळतात तसला. वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता. निनादने तो फळीच्या बरोबर मध्ये ठेवला, तीन कप इकडे, तीन तिकडे, आणि खाली लिहिलं, रत्नमाला. तिने लांब जाऊन पाहिलं, जवळ येऊन पाहिलं.

"माझा जरा गावठी दिसतो का हो ताई यांच्यात?"

"छान दिसतो."

"आज मी पुढे ना? का आजही मोजायचंय?"

"आज पुढे," मी म्हणाले. आज निनादने तक्ता स्वतः लिहिला होता.

मुंबईचे कपाडिया साहेब आणि ती परदेशी बाई नऊला आले. बाईंचं नाव हेलन. उंच, पांढऱ्या केसांच्या, हसऱ्या. त्यांनी आम्हा सगळ्यांशी हात मिळवला. त्या फळीसमोर उभ्या राहून प्रत्येक कपाखालचं नाव निनादकडून म्हणवून घेतलं. मग कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसल्या.

साडेनऊला सहाजणी आल्या. त्यांना कुणी येणार आहे हे ठाऊक होतं, सगळ्यांनी चांगले कुडते घातले होते. विदुला मॅडमच्या हातात तर फुलं होती. त्या फळीपाशी फोटोला उभ्या राहायला आल्या आणि तिथेच थांबल्या.

मृणालिनी मॅडमनी मध्ये ठेवलेला कप पाहिला, खालचं नाव वाचलं. काउंटरवर रत्नमालाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती नजर मी विसरलेले नाही. चिडलेली नव्हती ती. मोलकरणीने दूध उतू घालवल्यावर पाहावं तशी होती. मग त्यांनी आपला निळा कप उचलला, पदराने पुसावा तसा ओढणीने पुसला आणि पर्समध्ये टाकला. पाठोपाठ विदुला, कांचन, शलाका, मेघना, वृंदा. सहा कप सहा पर्समध्ये गेले. फळीवर एक राहिला.

"आज कागदी दे," मृणालिनी मॅडम काउंटरशी येऊन म्हणाल्या. बोलल्या माझ्याशी. पैसे घेण्याच्या जागी रत्नमाला होती, कार्डही तिच्याचपुढे धरावं लागलं. ते त्यांनी काउंटरवर ठेवलं आणि हात मागे घेतला.

रत्नमालाने सहाही कपांवर नावं लिहिली. कॉफ्या तिनेच केल्या. मी शेजारी उभी होते, आणि खरं सांगते, तशा कॉफ्या मला आजवर जमल्या नाहीत. बदामाचं दूध लगेच फाटतं, पण तिच्या हातून एक थेंब फाटला नाही. तिने सहा कप ओळीने मांडले.

आमच्या दुकानाची एक रीत होती, जगभर तीच : कॉफी झाली की नाव पुकारायचं, गिऱ्हाइकाने येऊन घ्यायची. मॅडम नाही, साहेब नाही, आडनाव नाही. नुसतं नाव. म्हणे त्यात आपलेपणा असतो.

"मृणालिनी," रत्नमालाने हाक दिली.

ज्या बाईला ती दोन वर्षं वहिनी म्हणत होती, जिच्या न्हाणीघरात ती गुडघ्यावर बसून घासत होती, त्या बाईचं नाव तिने भर दुकानात घेतलं. चढ्या आवाजात नाही, नम्रही नाही. कंपनीने शिकवलं तसं.

कुणी उठलं नाही.

"विदुला. कांचन."

टेबलावर बोलणं चाललं होतं, कुणाच्या तरी सुनेच्या डोहाळजेवणाचं.

"शलाका. मेघना. वृंदा."

नियम दोनदा पुकारायचा आहे. तिने सहाही नावं परत पुकारली, त्याच क्रमाने. दुकानात दुसरीही गिऱ्हाइकं होती, ती वळून बघायला लागली. त्या सहाजणी माझी वाट पाहत होत्या. मी ट्रे घेऊन जाईन, जमलं तर पुन्हा करून नेईन. निनादही मला डोळ्यांनी तेच सांगत होता. मी ट्रे उचलला नाही. कप निवत राहिले.

हेलनबाईंनी निनादला विचारलं, काय झालं. निनाद टेबलाशी गेला आणि तोंड पाडून परत आला. मृणालिनी मॅडमनी त्याला सांगितलं होतं, हायजिनचा प्रश्न आहे, आमचा वैयक्तिक. मग कपाडिया साहेब बाईंच्या कानाशी लागले. मला इंग्रजी बोलता येत नसलं तरी ऐकता येतं. हळवा विषय, जुन्या चालीरीती, स्थानिक लोक, असं काय काय ते सांगत होते. बाई गंभीर झाल्या. त्यांनी छोट्या वहीत लिहून घेतलं आणि निनादला काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

निनादला मराठीत सांगणं जड गेलं. "म्हणतायत, इथल्या संस्कृतीचा आपण आदर ठेवायला हवा."

माझ्या डोक्यात सणक गेली. कुठल्या थंड देशातल्या पोरांनी कपांचा ढीग लावला म्हणून यांनी अख्ख्या जगाचे कप बदलले. कुणी साखरेला बोललं की साखर बंद. कुणी गाईसाठी रडलं की बदाम. ज्याने त्याने हाक मारावी आणि यांनी वळावं, आणि इथे आमच्यातली एक बाई सहा निवलेल्या कपांमागे उभी, तर म्हणे संस्कृती. हीच संस्कृती का तुम्हाला दिसली? आमच्याकडे दुसरी नव्हती दाखवायला?

हे मी मनात म्हणाले. मोठ्याने म्हणाले असते तर बरं झालं असतं.

कपाडिया साहेब काउंटरशी आले. त्यांची मराठी बरी होती. "असं करू. एप्रनचा कार्यक्रम पुढे ढकलू. यांना मंगळवार-शुक्रवार आत ठेवा. तक्रार तर आलीच आहे."

"लिहून द्या, सर," रत्नमाला म्हणाली.

"काय?"

"तक्रार. वही आहे ना तक्रारीची?" तिने खालच्या खणातून वही काढून काउंटरवर ठेवली, वर पेन ठेवलं. "मॅडमनी लिहू दे. कॉफी गार होती, का कडू होती, का मी होते. जे असेल ते. खाली सही आणि फोन नंबर."

"अहो, इतकं ताणू नका."

"मी कुठे ताणते? नियम तुमचाच आहे. लिहिलेली तक्रार म्हणजे तक्रार. त्यांनी नाही लिहिली तर तुम्ही लिहा, सर. तुमच्या अक्षरात. मी मंगळवार-शुक्रवार आत का, ते कारणासकट लिहा. मी वाचते आणि सही करते."

निनाद ती वही घेऊन टेबलाकडे निघाला. बिचाऱ्याला खरंच वाटत होतं की असंच करायचं असतं. मृणालिनी मॅडम उठल्या.

"आम्ही कुठे तक्रार करतोय?" त्या म्हणाल्या. "आम्हाला कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. आम्ही फक्त आमचे कप घरी नेतोय." दारापाशी त्या माझ्याजवळ थांबल्या. "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती हं, हेमलता."

त्या गेल्या. फुलंही घेऊन गेल्या.

कपाडिया साहेबांनी वही माझ्यापुढे सरकवली. "शिफ्ट तुम्ही बघता ना? तुम्ही लिहा. काउंटरवर वेग कमी पडला, एवढंच. दुसरं काही नको."

"वेग कमी पडला नाही, साहेब."

"काकू, एक ओळ."

"सहा कॉफ्या सात मिनिटांत झाल्या. मी शेजारी होते. मी नाही लिहिणार."

"विचार करून सांगा."

"केला."

मी हात एप्रनच्या खिशात घातले. साहेबांनी कोरं पान पाहिलं आणि वही मिटली. वहीत काही लागलं नाही. मग नियमाने जे व्हायचं ते झालं. हेलनबाईंनी रत्नमालाला निळा एप्रन बांधला, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. फोटोत फळी रिकामी दिसू नये म्हणून निनादने दुकानातले सहा कोरे कप आणून मांडले. तो फोटो पत्रिकेत छापून आला म्हणे. खाली काय लिहिलं होतं ते मी विचारलं नाही.

त्या सहाजणी परत आल्या नाहीत. समोरच्या दुकानात जायला लागल्या. त्या फळीसाठी आमच्या दुकानाला मिळायचं कंपनीचं बक्षीस कोइमतूरच्या दुकानाला गेलं. पुढे दोन वर्षांनी साथ आली आणि कंपनीने जगभर हुकूम काढला, कुणीही घरचा कप आणू नये, सगळ्यांना कागदी. फळी उतरवली. रत्नमाला आज पुण्यात एका दुकानाची मॅनेजर आहे, हाताखाली चौदा माणसं. पण हे सगळं नंतरचं. मला सांगायचं आहे ते त्याच दिवशीचं, दुपारी दोनचं.

पाहुणे गेले होते. आतल्या खोलीत रत्नमाला शेगडीवर चहा करत होती. आम्ही कामगार कॉफी कधी प्यायचो नाही. मी आत गेले ती तरंगतच. मुंबईच्या साहेबाला तोंडावर नाही म्हणाले होते, जन्मात पहिल्यांदा.

"बघितलंस ना?" मी म्हणाले. "कसला तोंडात मारल्यासारखा झाला. म्हणे एक ओळ लिहा. मी कशाला लिहीन?"

"दोन आठवडे लिहीतच होतात की," ती म्हणाली. चहाकडे बघत होती.

मी खुर्चीवर बसले.

"तुला माहीत होतं?"

"मोजणी मंगळवार-शुक्रवारी कशी येते, एवढं न कळायला मी काय..." तिने पुढचं सोडून दिलं. "त्यांचे कप कुठे ठेवायचे, माझा कुठे ठेवायचा, हे मला त्यांच्या घरी पाठ होतं, ताई. संडासाच्या खिडकीत असायचा माझा. तुम्ही मला सांगायला हवं होतं. मी त्याच दिवशी वही पुढे केली असती."

"तक्रार झाली असती गं. तुझा एप्रन गेला असता. तुझ्यासाठीच केलं ना मी."

"हो. दिवाळीतपण माझ्यासाठीच केलंत."

"दिवाळीत काय केलं?"

तिने आता माझ्याकडे पाहिलं. "फराळाला बोलावलंत. तुमची जाऊ होती, शेजारच्या दोघी होत्या. सगळ्यांना फुलाफुलांच्या कपात चहा. आणि मला आपल्या दुकानातला कागदी. म्हणालात, 'रत्नमालाला आपल्या कंपनीचा स्पेशल कप.' सगळ्या हसल्या. मीपण हसले."

मला आठवत होतं. न आठवण्यासारखं नव्हतंच. सासूबाई सकाळी म्हणाल्या होत्या, ती येणार आहे तर तिला कशात देणार आहेस, मी आत्ताच सांगून ठेवते. त्यांच्याशी वाद घालायची माझी हिंमत नव्हती आणि रत्नमालाला स्टीलच्या फुलपात्रात द्यायला लाज वाटत होती. म्हणून आदल्या संध्याकाळी मी दुकानातून एक कागदी कप पर्समध्ये घालून नेला. एकच. केवढी युक्ती केली, असं तेव्हाही मला वाटलं होतं.

"सासूबाईंचं जुनं वळण आहे," मी म्हणाले. "त्यांच्यापुढे..."

"सासूबाई देवघरात होत्या. कप तुम्ही दिलात."

चहा उकळला. तिने गॅस बंद केला. वरच्या थप्पीतून एक कागदी कप ओढला, त्यात चहा गाळला आणि तो स्वतःपुढे ठेवला. मग बाहेर जाऊन फळीवरचा आपला तपकिरी कप घेऊन आली. नळाखाली विसळला, फडक्याने पुसला, चहा ओतला आणि माझ्यापुढे सरकवला.

"घ्या, ताई."

ती समोर बसली नाही. आपला कागदी कप हातात घेऊन भिंतीला टेकून उभी राहिली आणि माझ्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बघत राहिली. मला वाटलं, सुट्टी संपायची वेळ बघतेय.

कप स्वच्छ होता. वाफ येत होती. माझा हात मांडीवर होता, तो मी टेबलावर आणला. कपाचा कान धरला. मग उचलला, आणि प्यायले. जीभ पोळली. तरी अर्धा कप एका दमात प्यायले.

"अकरा सेकंद लागले," रत्नमाला म्हणाली, आणि बाहेर गिऱ्हाईक आलं होतं म्हणून एप्रन सारखा करत काउंटरवर गेली.